माशांचं माशांना

दर तीन महिन्यांनी शाळेत रजा टाकायची आणि आईला घेऊन इंदूरची सकाळची पहिली बस पकडायची, असं दोन वर्षं चाललं. त्या बसचं नाव काढलं तरी माझी कंबर अजून दुखते.

आईची साखर जुनी. डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या सुजून पाझरायला लागल्या होत्या. डावा डोळा गेल्यातच जमा होता. सगळी भिस्त उजव्यावर. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला माशाच्या तेलाने ही सूज उतरते का, याची चाचणी इंदूरच्या डॉक्टरीणबाई घेत होत्या. अर्ध्यांना माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, अर्ध्यांना नुसत्या मक्याच्या तेलाच्या. कुणाच्या बाटलीत काय, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं.

आई जन्मात अंड्याला न शिवलेली. तरी सही करताना म्हणाली, "औषधाले काय जात असते?" पण पहिल्याच दिवसापासून तिचं सुरू झालं, "ढेकर आली का मासोळीचा वास येते."

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातल्या काही बायका चातुर्मासात सकाळी तापीवर जाऊन माशांना कणकेचे गोळे घालतात. आईही जायची. आश्विनात एकदा पायऱ्या निसरड्या म्हणून मी सोबत गेले. डब्यातला गोळा हातात घेतला, तर आत काहीतरी मऊ, गुळगुळीत लागलं. कॅप्सूल.

"चातुर्मासात कसं खाऊ?" आई शांतपणे म्हणाली. "त्यायचं होतं, त्यायले वापस देल्लं."

आषाढापासून रोज! आणि मागच्याच खेपेला रिकामी बाटली बघून बाईंनी तिचं केवढं कौतुक केलं होतं. मला शरमेने मेल्यासारखं झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण पुढच्या खेपेला मीच सगळं सांगून टाकलं. बाईंनी सुस्कारा सोडला, लिहून घेतलं आणि येत राहा म्हणाल्या.

त्याच हिवाळ्यात आईच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. सगळे उपाय झाले. नजर परतली नाही.

"डोळा तूच पाण्यात टाकलास," मी तिला म्हणाले. एकदा नाही, अनेकदा. तिला जेवायला वाढायची, अंघोळीला न्यायची, सगळं करायची. पण तोंड वाकडं करून. थकले होते, आणि कुणावर तरी राग काढायचा होता. ती ऐकून घ्यायची.

चाचणी संपल्यावर बाईंनी आम्हाला बोलावून आईच्या नावाचा बंद कागद उघडला. आईच्या बाटलीत पहिल्यापासून मक्याचं तेल होतं.

मी तो कागद ओढून पुन्हा वाचला. आईला मात्र हसू आलं. "म्हंजे मासोळ्यायले बी फसवलं म्या," ती म्हणाली आणि चाचपडत माझा हात धरून उठली. "चाल, बस जाईन."

बसमध्ये मी तिची माफी मागितली. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कोन्तं गाव आलं वं?"