चार्टची शेवटची ओळ वाचता यायची

"तुम्ही दारू पिता, असं कोण म्हणालं?" डॉक्टर मॅडमनी विचारलं. माझी बायको सुनीता खाली मान घालून बसली होती. मग मॅडम म्हणाल्या, "हा रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे. डोळ्यामागचा पडदा कडेकडून निकामी होत मध्ये सरकतो. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग बाजूचं. आज तरी बरं करणारं औषध माझ्याकडे नाही."

मला रडू यायला हवं होतं. आठवला तो देवकाते.

देवकाते म्हणजे चाकणच्या आमच्या कंपनीतला लाइनचा सुपरवायझर. उन्हातून कारखान्याच्या शॉपमध्ये शिरलो की मला मिनिटभर काही दिसायचं नाही. बाजूने येणाऱ्या ट्रॉलीला मी धडकायचो. तो सगळ्यांदेखत ओरडायचा, "काय राव, सकाळीच टाकून आलास व्हय?" मला मेमो दिला, त्यातही त्याने 'नशेत असल्याचा संशय' असं लिहिलं. तेव्हापासून मी घरी आलो की सुनीता माझ्या तोंडाचा वास घ्यायची.

कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये मात्र मी चार्टची शेवटची ओळ घडाघडा वाचायचो. या आजारात बरीच वर्षं समोरचं स्वच्छ दिसतं. म्हणून सांगतो, चार्टवर विसंबू नका. अंधारात चाचपडत असाल तर फिल्ड टेस्ट करून घ्या. समोर एकटक बघायचं, कडेला ठिपका चमकला की बटण दाबायचं. माझे ठिपके कधी येऊन गेले, मला कळलंच नाही.

रिपोर्ट दिल्यावर कंपनीने मला लाइनवरून काढून माल तपासायच्या टेबलावर बसवलं. मेमो फाइलमध्येच राहिला. देवकाते म्हणाला, "जाऊ दे ना भावा, झालं गेलं."

सेफ्टी वीकमध्ये डोळ्यांवर बोलायला मी स्वतःहून नाव दिलं. गॉगलच्या काचांना काळी टेप लावली, मध्ये वाटाण्याएवढं भोक ठेवलं. तो देवकातेच्या डोळ्यांवर चढवला. लाइन बंदच होती. "साहेब, दहा पावलं चाला." चौथ्या पावलाला त्याची नडगी ट्रॉलीवर आपटली. लोक हसले.

"कळलं रे बाबा, कळलं!"

"अजून सहा राहिलीत, साहेब."

सगळी चालायला लावली. त्याच आठवड्यात मेमो मागे घेतल्याचं पत्र आलं. ते मी सुनीताच्या हातात दिलं. ती खूप रडली. तिच्यावर माझा राग नाही, तिला तरी काय माहीत.

मॅडम म्हणतात, राग सोडा. त्यांचे उपकार आहेत, पण एवढं ऐकणार नाही. पुढे काय काय दिसायचं बंद होईल ते होवो. नडगी चोळत खाली बसलेला देवकाते मी डोळे भरून पाहून घेतलाय.