गोधडी उघडेपर्यंत

गंगाधररावांच्या कॉम्प्युटरवर ‘गोधडी’ उघडायची म्हणजे चहा टाकावा, गाळावा, पिऊन व्हावा, आणि तरी पडद्यावर ते चक्र आपलं फिरतंच आहे, अशी गत होती. कामशेतच्या त्या लहानशा ऑफिसात गोधडी म्हणजे एक नकाशा. गंगाधरराव तिथले ड्राफ्ट्समन, राहायला तळेगावला. परंदवडीपासून कुसगावपर्यंत जेवढ्या जमिनी त्यांनी मोजल्या, त्या साऱ्यांची ड्रॉइंगं निराळी न ठेवता ते एकाच फाइलमध्ये एकाला एक जोडत गेले. असं कुणी करत नाही. पण उमेदीची वर्षं ज्यानं ट्रेसिंग पेपरला ट्रेसिंग पेपर चिकटवण्यात घालवली, त्याला लागून असलेली शेतं वेगवेगळ्या फाइलींत कोंबणं म्हणजे सख्ख्या भावांना वेगळं काढल्यासारखं वाटायचं. बांध, विहिरी, चढउताराच्या रेषा, एकेक झाड, सगळं त्यात. फाइल फुगत गेली आणि कॉम्प्युटर धापा टाकू लागला.

गोधडी हे नाव भिमाजीभाऊंनी ठेवलेलं. भाऊ टाकवे बुद्रुकचे. घरची शेती सांभाळून ते मोजणीच्या कामाला गंगाधररावांबरोबर यायचे. गंगाधरराव दुर्बिणीला डोळा लावून उभे, आणि समोरच्या उतारावर मोजणीची उभी पट्टी धरून भाऊ. वारा असा की पट्टी हातात ठरू नये. “भाऊ, डावीकडे! अजून डावीकडे!” ओरडून ओरडून गंगाधररावांचा घसा बसायचा, आणि करवंदाच्या जाळीत शिरलेले भाऊ तिथूनच विचारायचे, “सायेब, पट्टी धरू का करवंदं काडू?” दुपारी एकाच फडक्यावर दोघांची भाकरी. ते दिवस आठवले की गंगाधररावांचे पाय अजूनही खुर्चीखाली चुळबुळ करायचे.

पुढे मोजणीची नवी यंत्रं आली, आकाशातून फोटो काढणारी आली. पट्टी धरायला माणूस लागेनासा झाला. भाऊंचं काम सुटलं, पण दर बाजाराच्या दिवशी ते जिना चढून यायचेच. “जरा आपली गोधडी दावा,” म्हणायचे आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसायचे.

भाऊ मोठे मानी. नुसतं गप्पा मारायला बसणं त्यांना जमायचं नाही. एकदा लाइट गेलेली होती, तर त्यांनी चहा उभ्यानंच घेतला. बसा म्हटलं, तर म्हणाले, “रिकामं बसायला मी काय सोयरा हाय?” आणि गेले. पण नकाशा उघडायची वाट बघणं हे कामच की! तेवढ्या वेळात कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाचा पोरगा कंपनीत चिकटला, कुठल्या बांधावर साप निघाला होता, सगळं व्हायचं. अखेर गोधडी उघडली, की भाऊ कुसगावच्या उतारावर बोट ठेवायचे, “हितं मी घसरलो व्हतो,” म्हणायचे आणि समाधानानं उठायचे.

मग ऑफिसचा तरुण मालक विहंग यानं नवं मशीन आणलं. “काका, अहो अर्धा मावळ भरलाय तुम्ही या फाइलमध्ये,” असं म्हणत त्यानं नकाशातली अडगळ काढली, गावागावाच्या फाइली वेगळ्या केल्या. खोटं कशाला बोला, गंगाधरराव खूश झाले. त्या रखडणाऱ्या कॉम्प्युटरला त्यांनी आजवर शेलक्या शिव्या काही कमी दिल्या नव्हत्या.

बाजाराच्या दिवशी भाऊ आले. ते खुर्चीत टेकतात न टेकतात, तोच पडद्यावर कुसगाव हजर.

“झालं व्हय?” भाऊ म्हणाले.

“झालं.”

“लय ब्येस.” भाऊंनी क्षणभर पडद्याकडे पाहिलं, पिशवी उचलली आणि निघाले. चहा आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. पुढच्या बाजाराला भाऊ फिरकले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत.

गंगाधररावांना चैन पडेना. घरी जेवताना ते बायकोला म्हणाले, “इंदिरा, सगळी हयात मी त्या मशीनला लवकर लवकर म्हणत बसलो, आणि आता ते लवकर झालं तर माझा माणूस तुटला गं.”

“मग त्यांना सरळ बसा म्हणा की.”

“बसणार नाहीत ते.”

“इतकी वर्षं एका मशीननं बसवलं त्यांना,” इंदिराबाई आमटी वाढत म्हणाल्या, “आणि तुम्हाला येत नाही होय!”

ते वाक्य गंगाधररावांच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारात जाणारा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून काढला, पुसला आणि आपल्या टेबलावर नव्याच्या शेजारी मांडला. गोधडी त्यात जशीच्या तशी होती, पूर्वीइतकीच अगडबंब.

“काका, याचं आता काय करणार?” विहंगनं विचारलं.

“भाऊंना चहा पाजणार,” गंगाधरराव म्हणाले.

बाजारात जाऊन त्यांनी भाऊंना गाठलं आणि हाताला धरूनच वर आणलं. जुनं मशीन घरघरू लागलं. चक्र फिरू लागलं. भाऊ एकदा या डब्याकडे बघत, एकदा त्या.

“नवा डबा बिगडला का?”

“नाही. चांगला चालतो.”

“मंग ह्यो कशापायी लावला?”

गंगाधररावांनी बहाणा शोधला, तो सापडेना. “तुम्ही बसावं म्हणून,” ते म्हणाले. “तुम्ही येत नाही, तर मला करमत नाही, भाऊ.”

भाऊंनी टोपी काढली, गुडघ्यावर आपटली, पुन्हा घातली. मग खाकरून म्हणाले, “आमच्या थोरल्या म्हशीचं तुमाला सांगितलंच न्हाई की मी,” आणि सुरू झाले. म्हैस हिंडत हिंडत पार इंद्रायणीपर्यंत गेली होती. चहा आला, संपला. म्हैस अजून पाण्यातच होती, आणि पडद्यावर हळूहळू परंदवडी उमटली, मग रेषेरेषेनं कुसगावचा उतार.

“उघडली, भाऊ,” गंगाधरराव हळूच म्हणाले.

भाऊंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

“बंद करा ती,” ते म्हणाले, “आन् परत लावा.”