निळ्या काठाची बशी

जुन्या बाजारात निळ्या काठाची बशी दिसली आणि सोलापुरातले गिरणीजवळचे ते हॉटेल आठवले. रविवारी सकाळी तिथे बाकावर जागा मिळत नसे. शेंगतेलात परतलेल्या उप्पिटाचा वास रस्त्यावरूनच माणसांना आत ओढी. अस्पृश्यांच्या कपबशा मात्र बाहेरच्या कोनाड्यात असत. त्यांनी पायरीखाली उभे राहून खायचे आणि भांडी स्वतः धुऊन ठेवायची. एका रविवारी शहरातले पुढारी हार घालून आले, बाहेर उभ्या असलेल्या एका गिरणी कामगाराला त्यांनी हाताला धरून मधल्या बाकावर बसवले आणि निळ्या काठाच्या बशीत उप्पीट दिले. समतेवरचे भाषण उप्पीट गार होईपर्यंत चालले. पुढच्या रविवारी तो धुतलेले धोतर नेसून, लहान मुलीला घेऊन आला. “आप्पा, तुमी बसला ते बाकडं कंचं?” मुलीने विचारले. “ते की, मधलं,” म्हणत त्याने पायरीवर पाय ठेवला, तोच गल्ल्यावरून मालक म्हणाला, “आरं, त्या दिवशी सभा व्हती. आज हाटेल हाय.” मधल्या बाकावर त्या दिवशीचे वक्तेच खात बसले होते, त्यांनी वर्तमानपत्र थोडे वर धरले. कोनाड्यात आता निळ्या काठाची बशीही होती, कारण आत तिच्यात कोणी खाईना. मुलीने उभ्यानेच खाल्ले, बापाने बशी धुऊन जागेवर ठेवली. “घ्या की साहेब, एक टवका उडालेला नाही,” बाजारातला दुकानदार म्हणाला. नसणारच, असली भांडी फार जपून धुवावी लागत.