पाठकोऱ्या कागदांचा कोश

निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या मागे लागतात, नाहीतर सुनेच्या. मास्तर क्रियापदांच्या मागे लागले. इंग्रजी बोलताना माणूस अडतो तो क्रियापदावरच, असं त्यांचं ठाम मत होतं. रोजच्या वापरातली तीनशे क्रियापदं, त्यांचे सगळे अर्थ, समानार्थी शब्द आणि त्या शब्दांतला बारीक फरक, असा कोश करायचा त्यांनी घाट घातला. अकरा वर्षं झाली तरी काम संपेना. एकट्या 'गेट'ने दोन पावसाळे खाल्ले. गल्लीत त्यांना 'क्रियापद मास्तर' म्हणत आणि हे नाव त्यांना मनातून आवडायचं.

कोरा कागद विकत आणणं त्यांना पाप वाटे. घरात येणारा प्रत्येक पाठकोरा कागद, मग ती विजेची नोटीस असो की दुकानाची जाहिरात, टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात जायचा. रविवारी सकाळी मास्तर पट्टी धरून त्याचे चार तुकडे करायचे. कोऱ्या बाजूला अर्थ लिहायचे आणि चपलांच्या खोक्यांत ते अक्षरवार लावून ठेवायचे. छापील बाजूकडे ते ढुंकूनही बघत नसत.

बायको चौथी शिकलेली. घरात इंग्रजी कागद आला की तो मास्तरांनी वाचायचा आणि ते सांगतील ते तिने खरं मानायचं, असा तीस वर्षांचा शिरस्ता. छातीत गाठ हाताला लागली म्हणून ती शेजारणीबरोबर जाऊन तपासून आली. आठवड्याने पोस्टाने पाकीट आलं. कागद तिने मास्तरांच्या हातात दिला. मास्तर तेव्हा 'कीप' आणि 'होल्ड' यांच्यात गळ्यापर्यंत बुडालेले. बघतो म्हणाले आणि कागद डावीकडे सरकवला.

रविवारी तो इतरांबरोबर कापला गेला. सोमवारी तिने विचारलं, काय लिहिलंय हो? मास्तरांना कागद कुठे गेला ते आठवेना. वाचलाच नाही, हे कबूल करायला इंग्रजीच्या मास्तरांची जीभ रेटेना.

"काही विशेष नाही," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. तिचा चेहरा सैलावला. ती भांडी घासायला गेली.

सात महिन्यांनी तिचा हात वर होईना, तेव्हा मास्तर तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी जुनी फाइल काढली, गाठ दाबून पाहिली आणि फाइलमधली तारीख पुन्हा तपासली. मग त्यांनी विचारलं, पंधरा दिवसांत या म्हणून कळवलं होतं, आला का नाहीत?

"ह्यांनी वाचला होता कागद," बायको अगदी विश्वासाने म्हणाली. "विशेष काही नव्हतं त्यात."

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर फरशीकडे बघत राहिले. गाठ पसरली होती; आता ती काढण्यात अर्थ उरला नव्हता, दुखणं तेवढं कमी ठेवता येणार होतं.

घरी आल्याबरोबर मास्तरांनी खोकी जमिनीवर उपडी केली. अकरा वर्षांची मेहनत पायदळी तुडवत ते एकेक तुकडा उलटून पाहू लागले. आयुष्यात पहिल्यांदा ते छापील बाजू वाचत होते. तिन्हीसांजेला चौथा तुकडा सापडला. दोन 'कीप'मध्ये होते, दोन 'होल्ड'मध्ये. त्यांनी ते फरशीवर जुळवून ठेवले. मागे सुवाच्य अक्षरात त्यांचेच अर्थ होते.

बायको कधीची दारात उभी होती. तिला वेगळं काही सांगावं लागलं नाही. कापलेला कागद तिने ओळखला.

"आता तरी वाचा," ती म्हणाली.

मास्तरांनी वाचलं आणि मराठीत सांगितलं. गाठ वाईट असण्याची शक्यता आहे, पंधरा दिवसांत या, उशीर करू नका. तीन ओळी होत्या. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, खूप मोठं असेल, म्हणून तुम्हाला वाचायला वेळ झाला नाही."