राजारामची नक्कल

घाटकोपरच्या आमच्या चाळीत राजाराम सरतापे म्हणजे बोलका माणूस. जयंतीच्या स्टेजवर बोलून बोलून त्याची जीभ सुटलेली, आणि आम्ही दोघं ज्या औषधांच्या कारखान्यात होतो तिथल्या युनियननं ती बरोब्बर हेरली. गेटवर मीटिंग म्हटली की शेवटचं भाषण त्याचं. मी त्याचा शेजारी आणि दोस्त, त्यामुळे मीही जरा कॉलर ताठ करून फिरायचो.

त्याचा हुकमी विषय व्यवसाय कर. दर महिन्याला तो पगारातून कापला जायचा आणि त्या पैशातून सरकार खेड्यापाड्यांत रोजगार हमीची कामं काढायचं. रस्ते, बंधारे, पाझर तलाव. ज्याच्या हाताला काम नाही त्यानं मागावं, सरकारनं द्यावं. कल्पना काही वाईट नव्हती, पण पगारातली कात्री कुणाला गोड लागते? राजाराम डोक्याला रुमाल गुंडाळायचा, एक हात कमरेवर ठेवून मातीची पाटी डोक्यावर घेतल्यासारखं करायचा, मान जराशी डावीकडे कलती. तशी दोन पावलं टाकायचा आणि झाडाखाली बसून तंबाखू मळायचा. "आणि ह्यांच्या तंबाखूसाठी तुमचा-आमचा पगार कापतात, भावांनो." लोक हसून हसून बेजार.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात माण तालुक्यातून त्याची मोठी बहीण आली. सुंदराबाई. आई लवकर गेली, तेव्हा राजारामला हिनंच वाढवलं, बोर्डिंगात ठेवून शिकवलं. तो आम्हाला नेहमी सांगायचा, अक्काकडे बागायत आहे, विहिरीला बारमाही पाणी आहे. पण तिचे हात पाहिल्यावर माझ्या बायकोनं, शकुनं, त्या बागायतीबद्दल काही विचारलं नाही. सकाळी नळावर बाईनं भरलेला हंडा डोक्यावर घेतला. एक हात कमरेवर, मान डावीकडे कलती. मी दात घासत होतो तो तसाच उभा राहिलो. नक्कल इतकी हुबेहूब कशी व्हायची ते तेव्हा कळलं.

शकुजवळ तिनं सगळं सांगितलं. पाऊस पाठ फिरवून बसला होता, सगळं गाव हमीच्या कामावर जगत होतं, ती स्वतः रोज पाट्या वाहत होती. पाझर तलावाचा बांध अर्धा झाला होता आणि आता काम बंद होणार अशी बोलवा होती. "बंद झालं तर खायाचं काय? आन् अर्धा बांध तर पावसात व्हाऊनच जाईल." गावानं वर्गणी काढून हिला एसटीत बसवून दिलं होतं. तुझा भाऊ मुंबईत माईकवर बोलतो, त्याच्या कानावर घाल, तो वरपर्यंत पोचवील.

रात्री तिनं हेच भावाला सांगितलं. "बघू, अक्का," एवढंच राजाराम म्हणाला.

त्याच आठवड्यात गेट मीटिंग होती. भावाचं भाषण ऐकायचंच म्हणून अक्का हटून बसली. शकु तिला घेऊन आली आणि दोघी पॅकिंगमधल्या बायकांच्या बाजूला उभ्या राहिल्या. राजारामनं तिला पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही, मी शेजारीच होतो. त्याच्या कानाशी लागून म्हणालो, "आज नक्कल नको हां."

"वेडा आहेस काय? अक्का समोर आहे."

पण खालून सुरू झालं, "ए राजा, नक्कल. नक्कल होऊन जाऊ दे." लीडरनं हसत त्याच्या पाठीवर थाप मारली. राजारामनं खिशातून रुमाल काढला. मला वाटलं, घाम पुसतोय. कसला घाम. पाटी, कंबर, मान, तंबाखू, त्यानं सगळं केलं, आणि नेहमीपेक्षा झकास केलं. चार टाळ्यांसाठी माणूस इतका खाली उतरतो, याचा मला आजही संताप येतो. बायकांच्या बाजूला बघायची माझी छाती झाली नाही. शकु नंतर म्हणाली, अक्का शेवटपर्यंत उभी होती, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. राजारामनं तिला चांगलं लुगडं घेऊन दिलं. वर पोचवलं बिचवलं काही नाही.

दिवाळी उलटल्यावर एका रविवारी ती परत आली. बरोबर गावचे म्हातारे पुढारी धोंडिराम, त्यांच्या काखेत शाल आणि नारळ. काम बंद पडलंच नव्हतं. बांध पुरा झाला, तलाव भरला, विहिरींना पाणी उतरलं. सरकारात काय ठरलं असेल ते असो, गावाच्या मते हे राजारामचंच काम.

"सुंदरानं समदं सांगितलं आमाला," धोंडिराम गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीला सांगू लागले. "एवढ्या माणसांम्होरं ह्यानं आमची कळ मांडली. पाटी कशी व्हावी लागती, ते सोता करून दावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या."

आमच्यातले निम्मे त्या मीटिंगला होते. कुणी कुणाकडे बघेना. धोंडिरामांनी शाल घातली, नारळ हातात दिला, आणि आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. दुसरं करणार तरी काय होतो? राजारामची मान वर होईना. एवढा शिकलेला पोरगा आणि किती नम्र, असं धोंडिराम मला कौतुकानं म्हणाले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

शकु धोंडिरामांना आमच्या खोलीत घेऊन गेली. मी राजारामच्या मागोमाग त्याच्याकडे गेलो. अक्का चहासाठी स्टोव्हला पंप मारत होती. तो शालीसकट तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अक्का, तू गावात खोटं का सांगितलंस गं?"

"मग काय सांगू?" ती स्टोव्हकडेच बघत म्हणाली. "खरं सांगितलं असतं तर गावानं मलाच इचारलं असतं, ह्याला वाढवला कुणी?"