एकच भजं आणि इतर पथ्यं

विश्रांतवाडीजवळच्या एका वृद्धाश्रमाचं किचन मी अकरा वर्षं सांभाळतेय. लोक माझ्याकडे रेसिपी मागतात. रेसिपी मोजून दहा-बारा. किस्सा मात्र रोज एक तरी निघतोच.

आमचे देव सर गणिताचे निवृत्त शिक्षक. आले त्याच दिवशी मी त्यांना विचारलं, आमटी कशी झालीय? सर म्हणाले, "औषध म्हणून उत्तम."

चौकशी केली तर कळलं, त्यांना आमटीत चिंच-गूळ लागतो. त्यांना शुगरचा त्रास नव्हता, मग दुसऱ्या दिवशी घातला. सरांनी तीन वाट्या संपवल्या आणि उठताना विचारलं, "कालच्या बाई सोडून गेल्या वाटतं?"

कुलकर्णी आजी ब्याऐंशीच्या. नव्या डायेटिशियनने तळलेलं बंद केलं, तर आजींनी दोन दिवस ताटाला हात लावला नाही. शेवटी डॉक्टरांनी तडजोड काढली: दर रविवारी एक भजं.

रविवारी आजी काठी टेकत किचनमध्ये आल्या. टोपलीतला सगळ्यात मोठा बटाटा निवडून त्यांनी त्याचा उभा काप काढायला लावला. डायेटिशियन बघतच राहिली. आजी तिला म्हणाल्या, "डॉक्टरांनी आकडा सांगितलाय, आकार नाही."

शेख चाचांनी पुण्याच्या कॅम्पात चाळीस वर्षं शिवणकाम केलं. ते कधीच काही मागायचे नाहीत. म्हणून ईदला मी न विचारताच शिरखुर्मा केला. त्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी खूश. मग म्हणाले, "बेटी, खीर फार छान झालीय."

पुढच्या ईदला मी त्यांच्यासाठी गॅसशेजारी खुर्चीच टाकली.

आणि पवार आजी. यजमान गेल्यावर मुलाने त्यांना आमच्याकडे आणलं. आठवडाभर त्या दोन घासांवर उठायच्या. मुलगा काळजीने रोज फोन करायचा. आईला तिखट अजिबात चालत नाही, असं त्याने फॉर्मवरही लिहिलं होतं. मी मऊ भात, दुधीची भाजी, सगळं करून पाहिलं. ताट तसंच परत यायचं.

एका दुपारी तो भेटायला आला. मी आजींच्या शेजारीच माझा डबा उघडला होता: भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. आजींनी डबा पुढे ओढला, अर्धी भाकरी माझ्यासाठी ठेवली आणि उरलेली ठेच्यासकट खाऊ लागल्या.

मुलगा घाबरून म्हणाला, "आई, तुला तिखट चालत नाही ना?"

आजींनी घास संपवला. म्हणाल्या, "तुझ्या वडलांना चालत नव्हतं."