चिमट्याचा बोल्ट आणि सासऱ्यांची गाडी

हातोड्याचे पंधरा घाव घालून झाले तरी बोल्ट होता तिथेच होता. मे महिना, दुपारचे बारा. गॅरेजच्या पत्र्याखाली मी घामानं निथळत होतो आणि स्टुलावर बसलेला प्रशांत दर दोन मिनिटांनी मोबाइलमध्ये वेळ बघत होता.

"काका, होऊन जाईल न्?"

"होऊन राहिलं न् गा," मी म्हणालो. खरं म्हणजे काहीच होत नव्हतं.

सकाळी नऊला हा मुलगा गाडी ढकलत आला, तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं होतं, तासाभराचं काम आहे. तीस वर्षं मोटारसायकली दुरुस्त करतो आहे, पण तोंडाला लगाम घालायला अजून शिकलो नाही. गाडीचा स्विंग आर्म तुटला होता. आम्ही मेकॅनिक लोक त्याला चिमटा म्हणतो. मागचं चाक ज्या दोन लोखंडी टांगांमध्ये अडकवलेलं असतं, तो भाग. हा चिमटा पुढच्या टोकाला एका लांब बोल्टानं गाडीच्या फ्रेमला जोडलेला असतो. बोल्ट फ्रेमच्या एका बाजूनं घुसतो, चिमट्याच्या पोटातून जातो आणि दुसऱ्या बाजूला निघतो. तिथे नट. चाक आणि शॉकअप काढा, नट काढा, बोल्ट ओढा, चिमटा बाहेर. इतकं सोपं.

नट तर सरसर निघाला. तिथेच मी फसलो.

प्रशांत सीताबर्डीला मोबाइलच्या दुकानात काम करतो. गाडी त्याची नव्हती, सासऱ्यांची होती, सोळा वर्षं जुनी. सासू-सासरे महिनाभर तीर्थयात्रेला गेले होते. जाताना सासऱ्यांनी किल्ली दिली, ती फक्त दोन दिवसांआड गाडी जागेवर चालू करून बंद करण्यासाठी. जावयानं तिच्यावर सिमेंटची तीन पोती लादली, नव्या घराच्या बाथरूमसाठी. चौकातल्या खड्ड्यात चिमटा कडकन बोलला. सासऱ्यांची रेल्वे संध्याकाळी सहाला येणार होती. त्याआधी गाडी त्यांच्या अंगणात जशीच्या तशी उभी पाहिजे होती.

"लग्नाले आठ वर्षं झाले काका," तो सांगत होता. "आजवर मामाजीनं या गाडीले मले हात लावू देल्ला नाही. साळ्याले नाही, कोणालेच नाही. आता पहिल्यांदा किल्ली देल्ली, अन् मी हे करून बसलो. जिंदगीभर ऐकावं लागन."

त्याचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. सासरा माझाही होता.

मी बोल्टावर गंज सोडवायचा स्प्रे मारला. तो मारल्यावर अर्धा तास थांबायचं असतं. हा अर्धा तास गिऱ्हाइकाला फार जड जातो, कारण मेकॅनिक नुसता बसलेला दिसतो. चहा मागवला. तेवढ्यात प्रशांतचा फोन वाजला. मामाजी, म्हणजे सासरे! घाबरून त्यानं स्पीकरचं बटण दाबलं.

"जवाईबापू, गाडी कूलरखाली ठेवता न्?"

"हो मामाजी."

"दिवसभर कूलर चालू राहू द्या. ऊन लय हाय, पेट्रोल उडून जाते. पण पाणी खालच्या अंगाले पडलं पाहिजे, टाकीवर नाही. टाकीचं पालिश जाते."

"हो मामाजी. एकदम थंडी आहे गाडी."

फोन बंद झाला. मी कप खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. सोळा उन्हाळे हा माणूस आपली गाडी खिडकीच्या कूलरखाली उभी करत होता! कूलरच्या टाकीतलं पाणी पंपानं गोल गोल फिरतं, उडत जातं, आणि मागे राहतो तो क्षार. ते खारं पाणी सोळा वर्षं थेंब थेंब नेमकं या बोल्टावर पडलं होतं. आतमध्ये बोल्ट आणि चिमट्यातली नळी यांचं लग्नच लागलं होतं म्हणा ना.

अर्ध्या तासानं मी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं वजन टाकलं. कट्ट असा आवाज आला. पाना माझ्या हातात, पान्यात बोल्टाचं डोकं, आणि उरलेला बोल्ट गाडीत.

"हे चांगलं झालं का वाईट?" प्रशांतनं विचारलं.

"वेगळं झालं," मी म्हणालो.

मग गॅस. लोखंड तापवलं की फुगतं, गार होताना आकसतं, त्यात गंजाची पकड सुटते. पेट्रोलची टाकी आधीच काढून मागच्या खोलीत नेऊन ठेवली आणि ज्योत लावली. चिमट्याच्या आत रबरी बुश असतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण माणूस चिडला की माहीत असलेलंही विसरतो. काळा धूर असा निघाला की शेजारचे टेलर बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी ती सरळ माझ्या अंगावर ओतली. त्या दिवसातलं तेवढं एक मिनिट सुखाचं गेलं. बोल्ट हलला नाही.

शेवटचा उपाय उरला, कापायचा. चिमटा आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना नखाएवढी फट असते. त्या फटीतून बोल्ट दोन ठिकाणी कापायचा. इथे मशीनचा कटर चालत नाही. कटर जरा सरकला तर फ्रेम कापली जाते, आणि फ्रेम गेली म्हणजे गाडी भंगारात. म्हणून हॅक्सॉचं नुसतं पातं घ्यायचं, एका टोकाला फडकं गुंडाळायचं आणि हातानं घासत बसायचं. एक बाजू कापायला दीड तास लागला. दुसऱ्या बाजूला मी आणि प्रशांत आळीपाळीनं बसलो. दिवसभर मोबाइलच्या काचेवर स्टिकर लावणारे ते हात, दहाव्या मिनिटाला फोड आले. पण पठ्ठ्यानं पातं सोडलं नाही.

पावणेचारला गॅरेजपुढे ऑटो थांबला. आतून पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ गंगाजलाचा कॅन घेऊन उतरले. प्रशांतच्या हातातलं पातं थांबलं. सासरे, नत्थूजी. गाडीच्या काळजीनं त्यांनी सहाच्या आधीची रेल्वे पकडली होती, बायकोला घरी सोडलं होतं, आणि जावई कुठल्या गॅरेजात आहे ते लेकीकडून काढून घेतलं होतं.

त्यांनी गाडीकडे पाहिलं. चाक एका भिंतीशी, सीट दुसऱ्या भिंतीशी, टाकी आतल्या खोलीत.

"जवाईबापू, हे काय करून राहिले?"

"सर्विसिंग, मामाजी."

"मी गेलो तवा अख्खी होती."

आता मध्ये पडणं भाग होतं. "भाऊ, बोल्ट जाम झाला आहे. तुमच्या कूलरच्या पाण्यानं."

"मले शिकवता?" नत्थूजी भडकले. "सोळा वर्षं पोरीसारखी जपली हे गाडी!"

"पोरीले तुम्ही उन्हाळाभर पाण्यात उभी ठेवली होती काय?"

नत्थूजी जावयाकडे वळले. "बोल्टाचं जाऊ द्या. चिमटा काहून तुटला?"

प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या हातातलं पातं घेतलं आणि घासत राहिलो. काही बोल्ट ज्याचे त्यानंच काढायचे असतात.

"मी तीन पोते सिमेंट आणलं मामाजी," तो मान खाली घालून म्हणाला. "माही चूक झाली."

नत्थूजींचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी माझं पातं आरपार गेलं. चिमटा धाडकन फरशीवर पडला. मी सवयीनं तो उचलला आणि चिंधीनं पुसू लागलो. नवा पार्ट बसवण्याआधी जुना पुसून शेजारी ठेवून बघायचा असतो.

वर्षानुवर्षांचा चिखल आणि ऑइल निघालं, आणि खालून एक लोखंडी पट्टी वर आली. कुणीतरी वेल्डिंग करून वरून काळा रंग मारला होता. चिमटा तुटला होता तो त्या पट्टीच्या कडेलाच. तुटलेलं लोखंड खोटं बोलत नाही. ताजी चीर चकचकीत असते, जुनी तांबूस. इथे चारपैकी तीन भाग तांबूस होते.

"हे पट्टी कोणं मारली?" मी विचारलं. "हा चिमटा तर कधीचाच तुटून राहिला होता."

नत्थूजींनी टोपी काढून हातात घेतली.

"किती पोते म्हणाले?"

"तीन, मामाजी."

"मी चार आणले होते. तांदळाचे. लकडगंजवरून." टोपीकडे बघत ते म्हणाले, "तुमच्याच लग्नाचे."

प्रशांतनं मान वर केली.

"आपली गाडी असताना टेम्पो कायले, असं म्हटलं. अन् चिमटा मोडला. इथं कोणाले समजू नये म्हणून दूर मौद्याले नेऊन पट्टी मारून आणली. तुमच्या सासूले अजून माहीत नाही, तुम्ही सांगूही नका. तवापासून कोणाले हात लावू देल्ला नाही मी. कोणाच्या हातून मोडन, अन् फोकट त्याच्यावर नाव येईन. जोड मजबूत नाही, हे मले माहीत होतं न्."

"आठ वर्षं मले वाटे, तुमचा माह्यावर भरोसा नाही," प्रशांत म्हणाला.

"भरोसा चिमट्यावर नव्हता," नत्थूजी म्हणाले. जावयाच्या हातांवरचे फोड त्यांना आता दिसले. त्यांनी गंगाजलाचा कॅन उघडला, थोडा विचार केला, परत बंद केला आणि मला म्हणाले, "साधं पाणी हाय का?"

साडेपाचला गाडी तयार झाली. नवा चिमटा, नवे बुश, नवा बोल्ट, आणि बोल्टाला भरपूर ग्रीस. नत्थूजींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि स्वतः मागे बसले. प्रशांतनं घाबरून क्लच असा सोडला की गाडीनं उडीच मारली. टोपी पडली. सासरे उतरले, टोपी झटकली आणि परत मागे बसले.

चिमट्याचा बोल्ट वर्षातून एकदा काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवावा. आणि काही मोडलं असेल तर मेकॅनिकला पहिल्याच दिवशी खरं सांगून टाकावं. आम्हाला शेवटी दिसतंच.